सत्तारचाचांचा रुसलेला साहेब

सत्तारचाचा माणसांना ‘बे’ म्हणत आणि इंजिनाला ‘सायेब’. जानेफळात आमची पिठाची चक्की होती. ती चालवणारं तेलाचं इंजिन विलायतेहून आलेलं, म्हणून त्याला हा मान. मी चक्कीचा मालक, पण चाचांनी मला ‘बे’च्या वर कधी चढवलं नाही. मला त्याचा राग येई, खोटं कशाला बोलू?

हे इंजिन सुरू करायचं म्हणजे मोठं प्रकरण. त्याच्या माथ्यावर लोखंडाचा एक गोळा होता. घासलेटच्या फुरफुरणाऱ्या बत्तीने तो लालबुंद होईस्तोवर तापवायचा आणि मग हाताने मोठं चाक फिरवायचं. गोळा नीट तापला नाही, तर खांदे निखळले तरी इंजिन हूं की चूं करत नसे. तापवायचं काम फक्त चाचांचं. कुणी नुसतं डोकावलं तरी ओरडत, “दूर सर बे! सायेब तयार होऊन राह्यले!”

त्या हिवाळ्यात साहेब रुसले. दोन दिवस चक्की बंद. चाचांनी जाळी धुतली, तेलाची नळी सुईने साफ केली आणि दर वेळी खापर माझ्यावर फोडलं.

“तेलात पानी काऊन घातलं बे?”

लढाईमुळे तेल परवान्यावर मिळत होतं. त्यात पाणी घालायला मी काय खुळा होतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात दळणाच्या टोपल्यांची रांग लागली. सगळ्यात पुढे शेजारची गोदाकाकू. ती म्हणाली, “चाचा, घरचं जातं काढू काय मंग?”

“काढ न बे!” चाचा उखडले. बाईमाणसालाही बे! माझं डोकंच फिरलं.

“चाचा, आज चालू नाही झालं त मी मलकापुराहून दुसरा मिस्त्री आनतो. मंग बसा तुमी घरी!”

चाचांनी पाना जमिनीवर आपटला. “आन! चार आन! म्या सायेबाले इथं बसवलं तवा तू रांगत होता बे!”

त्यांनी बत्ती पेटवली. तीही फुरफुरत होती आणि तेही. थोड्या वेळाने म्हणाले, “झाला लाल. फिरव चाक.”

रागाच्या भरात मी पहिल्यांदाच इतका जवळ गेलो होतो. गोळा काळाठिक्कर होता.

“कुठं लाल हाये? काळा हाये न!”

“मले काऊन शिकवून राह्यला बे?”

पण ते गोळ्याकडे बघतच नव्हते. मान वाकडी करून गालाने धग अजमावत होते. आता माझ्या लक्षात आलं. गार पडलेल्या गालाला थोडी धगही फार वाटते. थंडीने त्यांना फसवलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळांवर पांढुरका पडदा आलेला.

“कवापासून दिसत नाही?”

चाचा अगदी हळू म्हणाले, “दिवाळीपासून. सांगू नको कोनाले. घरी भिंतीबिगर कोनी नाही. दिवसभर कोनासंग भांडू?”

मला भयंकर राग आला. त्यांचा, कारण त्यांनी लपवलं. आणि माझा, कारण रोज समोर असून मला कळलं नव्हतं. मी रांगेकडे वळून ओरडलो, “तेल खराब होतं! चाचाची काही चूक नाही. बसा अजून घडीभर!”

मी चाचांशेजारी पोत्यावर बसलो. बत्ती चालू राहिली. गोळा तांबूस झाला, मग चांगला लाल झाला. मी कुणाला दिसणार नाही असा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावला.

“झाला लाल! ऊठ, फिरव चाक!” चाचा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे गरजले. पण त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला होता, आणि ते सोडेपर्यंत मला उठता येईना.