फियाट, अँबॅसिडर आणि कुसाबाईंचं मौन

योगिनीची पाठवणी कोणत्या गाडीतून करायची, यावरून दोन्ही व्याह्यांचं बिनसायला आलं होतं. मखमलाबादच्या फूलवाल्या सावळीरामांची डिझेल अँबॅसिडर होती. लेक तिच्यातच फुलांच्या करंड्यांशेजारी बसून मोठी झाली, तेव्हा सासरी जाईल तीही तिच्यातूनच, असा त्यांचा हट्ट. मनमाडचे यादवराव रेल्वेत. सून आपल्या फियाटमधूनच न्यायची, म्हणून तेही अडून बसले.

मग गुणांची उजळणी झाली. अँबॅसिडरचं इंजिन मोठं, डिकीत अख्खा रुखवत मावतो. फियाट हलकी, पिकअप चांगला, गिअर लोण्यासारखा पडतो. "ॲव्हरेजचं बोला," यादवराव म्हणाले, आणि ते सावळीरामांना लागलं. पहिली पत्रिका देवीपुढे ठेवायला सप्तशृंगगडावर जायचंच होतं. टाक्या तोंडोतोंड भरून निघायचं, आल्यावर पुन्हा भरायच्या. जिला तेल कमी लागेल, तिच्यातून पाठवणी.

संशयाला पंपावरच सुरुवात झाली. सावळीरामांनी फियाट गदागदा हलवून टाकीतली हवा काढली. यादवरावांनी अँबॅसिडरच्या डिकीत डिझेलचा कॅन शोधला. नारळ आणि ओटीचं सामान निघालं. तरी घाटाच्या उतारावर कोणी गाडी न्यूट्रल करून फुकट घरंगळवली तर? म्हणून पहाऱ्याला एकमेकांच्या बायका बसवल्या. यादवरावांच्या नवसाबाई अँबॅसिडरमध्ये, सावळीरामांच्या कुसाबाई फियाटमध्ये.

कुसाबाईंचं शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत मौन असे. हे सावळीरामांना गाड्या सुटल्यावर आठवलं.

परत आल्यावर फियाटला थोडं कमी तेल लागलं. सावळीरामांनी बायकोला विचारलं, ह्यांनी न्यूट्रल केली का? कुसाबाईंनी यादवरावांकडे नुसतं पाहिलं. निकाल दिवेलागणीनंतर, असं ठरून सगळे सावळीरामांच्या घरी आले.

यादवरावांना चहा जाईना. घाटात आरशात त्यांना कुसाबाईंचा कपाळावरून ओढलेला पदर आणि त्याखाली हलणारे ओठ तेवढे दिसत होते. बाई आपली एकेक लबाडी मोजतेय, अशी त्यांची खात्रीच झाली होती. कुसाबाई वात वळायला बसल्या, तसा त्यांचा धीर सुटला.

"विहीणबाई, मोजलेलं सांगू नका. केली न्यूट्रल. पार पायथ्याची नांदुरी येईस्तोवर करत होतो."

"मला ठावंच होतं," सावळीराम म्हणाले. "रेल्वेतल्या माणसाला घरंगळायची सवयच असती. लेक माझ्याच गाडीतून जाणार."

कुसाबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या. "मला घाटाची भीती वाटते हो. मी डोळे मिटून देवीचा जप करत होते. गाडीतलं मला काय कळतंय?"

यादवरावांनी कपाळाला हात लावला. नवसाबाई मात्र विचारात पडल्या होत्या.

"पण अहो व्याही," त्या सावळीरामांना हळूच म्हणाल्या, "आपली गाडी उतारावर एकदम गप्प झाली होती ना? मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, देवीचा डोंगर आहे, इथं आवाज करू नये."



"म्हणजे इंजिनच बंद?" यादवरावांनी सावकाश विचारलं. "आणि तरी फियाटपेक्षा जास्त प्याली?"

सावळीरामांनी बायकोकडे पाहिलं. तिनं समईकडे तोंड फिरवलं होतं. खांदे तेवढे हलत होते. ते उठले, अंगणात गेले आणि फियाटभोवती एक फेरी मारून आले.

"व्याही," ते म्हणाले, "टपावर निशिगंध लावू का गुलाब?"