इंगळे मेजरांची उलटी चाल

इंगळे मेजर आमच्याकडे चहाला सरळ येतात, पण जातात उलटे. तोंड आमच्याकडे, पाय मागे, असे थेट फाटकापर्यंत. यात आमच्या दोन कुंड्या फुटल्या. आता चहाचं आधण ठेवायच्या आधी बायको कुंड्या आत घेते.

खरं तर ते मेजर नाहीत, हवालदार. पण खामगावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. वडनेर भोलजीच्या या माणसानं लहानपणी बर्फ पाहिला तो जत्रेतल्या गोळ्यात. पुढे लडाखला बदली झाली आणि गोठलेल्या तळ्यावर, पात्यांचे बूट घालून, हा गडी कित्येक हिवाळे पलटणीच्या संघातून हॉकी खेळला. बचावाला. पुढचे तीन दात तिथेच राहिले.

"गोल किती मारले?" मी एकदा विचारलं.

"एकबी नाई. मी गोल माराले नोहतो, सर. अडवाले होतो."

मग आमचा झाडू हातात घेऊन प्रात्यक्षिक झालं. "समोरचा अंगावर येऊन राह्यला का आपुन मांगं मांगं सरकाचं. पाठ दाखोली का खल्लास!"

हे 'खल्लास' त्यांनी बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे चालवलं. जिनिंग मिलवर ते वॉचमन आहेत. तिथेही कापसाचा ट्रक आत घेताना स्वतः त्याच्यापुढे मागे मागे सरकत जातात. ड्रायव्हर हसतात. मीही हसायचो.

पण आता गुडघे गेलेत. डॉक्टरांनी उलटं चालायला बंदी केली, तरी गेल्या आठवड्यात मेजर उलटे चालतानाच घरासमोरच्या नालीत पडले आणि हाताला प्लास्टर आलं. मी वैतागलो.

"पुरे झालं मेजर! इथं कोण गोल मारून राहिलंय?"

"थकलो, सर, मीबी," एवढंच म्हणाले.

शाळेत जाता जाता त्यांना जिनिंगवर सोडावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दोन वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगवायू झाला, वाचाही गेली. त्यांची खाट खिडकीशी आहे. मेजर घराबाहेर पडले ते उलटेच. खिडकीकडे पाहत, प्लास्टरचा हात हलवत.

"बसा आता, उशीर होतोय," मी म्हणालो. ते गाडीवर बसायला वळले, आणि आतून वहिनींचा असा आवाज आला की माझ्या हातून किल्ली पडली. मेजर तसेच पुन्हा खिडकीकडे वळले. आवाज थांबला.

"सुट्टी सरली का दर खेपी मी ट्रंक घेऊन पाठमोरा गेलो, सर. तवा कधी रडली नाई. आता पाठ दिसली का रडते. तोंड दिसलं का तिले वाटते, मी घरी येऊन राह्यलो."

"मग आमच्या घरून काऊन उलटे जाता?"

"प्रॅक्टिस."

मला स्वतःची लाज वाटली. खिडकीतून दिसणारा रस्ता कोपऱ्यापर्यंतचा, आणि मधे ती नाली. मी गाडी स्टँडवर लावली, मेजरांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"चला," म्हटलं, "मागचं मी पाहतो."