जलदुर्गावरील पाच टॉवेलांची मोहीम

श्रीसिद्धेश्वर-रत्नेश्वर चरणी मस्तक ठेवून, लातूर शहरातील सिग्नल कॅम्प पेठेचे समस्त रहिवासी, थोर-लहान, भाडेकरू आणि घरमालक यांसी, लेखणीचाकर मलप्पा, विद्यालयाचे दप्तरी अठ्ठावीस वर्षे लेखनिक, दंडवत करून लिहितो ऐसे जे: चालू साली पेठेत नाना वदंता उठल्या. कोणी म्हणे, हेडमास्तरसाहेब दर्यावरील जहाजातून टॉवेल उचलोन आले. कोणी म्हणे, चाकरांची बक्षिसी चुकवावयास कचेरीत भांडोन आले. आणि किराणा दुकानी या दोन्ही वदंता भेटोन तिसरी जन्मास आली की साहेबांस मधल्या बंदरी उतरवोन दिले. ऐकोन आमचे काळीज जळाले. सबब जे घडले ते यथास्थित लिहावे ऐसे मनी आणिले. आम्ही जातीने जहाजावर नव्हतो, खरे पाहता आम्ही समुद्रच पाहिला नाही. परंतु साहेबांच्या पत्नी कुसुमबाईसाहेबांनी तीन दुपारी बैसोन सर्व मजकूर दोन-दोन वेळा सांगितला, आणि बखरकाराने लढाईच्या जागी हजर असावे हा दंडक पूर्वीही कोणी पाळिला नाही.

तरी प्रथम साहेबांचे वर्तमान. रेणुकादासराव म्हणजे एकतीस वर्षे विद्यालयाची चाकरी केलेले हेडमास्तर, आवाज ऐसा की मैदानात खाकरले तरी गच्चीवरील पोरे आपोआप वर्गात जात. त्यांच्या दोन गोष्टी येथेच लिहोन ठेवितो, कारण पुढील सर्व रण त्यांवरच माजले. पहिली ऐसी की, चाकरीच्या अकराव्या साली एका तपासणी अधिकाऱ्यास चहा गार मिळाला आणि त्या रागे त्याने साहेबांच्या गोपनीय अहवालात 'कामात दिरंगाई' ऐसा शेरा मारिला. तो खोटा शेरा पुसोन काढावयास साहेब नऊ वर्षे झगडले, विभागीय कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, पदोन्नती मागे राहिली, आणि रक्तदाबाची गोळी त्या काळी सुरू जाहली ती आजही चालू आहे. दुसरी ऐसी की, साहेबांच्या मुखी तारीफ नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचे एक घर असते, त्यात हजारो पोरांस त्यांनी आमच्या हातोन 'चांगली' एवढेच लिहविले. बोर्डात झळकला त्यास 'चांगली', आणि पोटचे पुत्र यज्ञेशपंत यांसही 'चांगली'. आम्ही एकदा अदबीने अर्ज केला की साहेब, चिरंजिवांस 'उत्तम' लिहू काय. तेव्हा चष्म्यावरोन पाहोन हुकूम जाहला की, 'चांगली' याहून माणसास काय पाहिजे?

तेच यज्ञेशपंत पुढे पुणे मुक्कामी संगणकाच्या चाकरीत मातबर जाहले आणि त्यांनी मातापित्यांस चार रात्रींची समुद्रसफर नजर केली, मुंबई बंदरी चढावे, गोवे व लक्षद्वीप पाहावे आणि मुंबईस परतावे ऐसी. साहेबांनी तिकीट उलटेसुलटे वाचोन "बरं हाय" इतुके फर्माविले. मग कूचाची तयारी जाहली. कुसुमबाईसाहेबांनी धपाटे बांधिले, शेंगदाण्याची चटणी बांधिली, आणि पेटीच्या तळाशी आहेराच्या तीन कोऱ्या टोप्या व तीन टॉवेल घातले. साहेबांनी पुसिले की दर्यात लग्न कोणाचे, तेव्हा बाईसाहेब उत्तरल्या, "प्रसंग काय सांगून येतोय व्हय?" ही दूरदृष्टी पुढे कामास आली.

जहाज म्हणजे प्रतिदुर्गच. अकरा मजले, आत बाजार, तलाव आणि नाटकगृह, आणि उद्वाहन ऐसे की कुठल्या मजल्यावर उगवेल याचा भरवसा नाही. नवव्या मजल्याचे दालन साहेबांस मिळाले. तेथील बिछायत व झाडलोट यांची निसबत रोमेल नामे फिलिपीन मुलुखीच्या इसमाकडे होती. वय चाळिसाचे आत-बाहेर, ठेंगणा, हसरा, घरापासोन आठ-आठ महिने दूर. त्याने लवोन मुजरा केला आणि साहेबांची पेटी स्वहस्ते आत ठेविली. साहेब इंग्रजीच्या व्याकरणात दिग्विजयी, परंतु बोलण्यास अंमळ सावकाश; कर्ता-कर्म जुळवोन आभार मानीपर्यंत रोमेल तिसऱ्या दालनात पोहोचला होता.

पहिले दिवशी सायंकाळचा खाना करून उभयता परतली, तो पलंगावर शुभ्र हत्ती उभा. सोंड वर, कान पसरलेले, आणि डोळ्यांवर साहेबांचा वाचावयाचा चष्मा. बाईसाहेब जवळ गेल्या, हात लाविला, आणि दोन टॉवेलांच्या घड्यांचा तो हत्ती आहे ऐसे निदर्शनास येताच गहिवरोन बोलिल्या, "अहो, आहेर केलाय की आपल्याला!" आता परमुलखीच्या वाचकास कळावे म्हणोन लिहितो. आमच्या मुलखात लग्न असो, बारसे असो, वास्तुशांत असो, पाहुण्यास टोपी-टॉवेलाचा आहेर केल्यावाचोन उठू देत नाहीत. घेणाऱ्याने तो नाकारू नये आणि उलटा आहेर केल्यावाचोन राहू नये, हा वाडवडिलांपासोन शिरस्ता. तेव्हा टॉवेल, तोही हत्तीच्या रूपे, म्हणजे थोर दरबारची खिलतच. उभयतांनी हत्तीस नमस्कार करून त्याची घडी मोडिली आणि आदरे पेटीत ठेविली. दुसरे दिवशी एका टॉवेलाचा हंस आला, तोही पेटीत गेला. तिसरे दिवशी दोन टॉवेलांचे माकड खुंटीस लोंबत होते, त्यास उतरवावयास साहेब खासा खुर्चीवर चढले. रोमेल दर सकाळी स्नानगृहात पाहे, क्षणभर विचारात पडे, आणि मुकाट्याने नवे टॉवेल आणी. बाईसाहेब म्हणत, "किती मोठ्या मनाचं माणूस हाय बघा."

त्याच दिवशी दाराखालोन एक कागद आत सरकला. त्यात खर्चाची कलमे असोन एक कलम ऐसे की, चाकरांची बक्षिसी, दरमाणशी दररोज, आपोआप कापिली. साहेबांचा चेहरा लाल जाहला. पैक्याचे दुःख नव्हते, पेठेतील वदंताकारांनी हे नीट वाचावे. दुःख रीतीचे होते. "आहेर काय कापून घ्यायची चीज हाय का? आपल्या हातानं द्यायचा, कुंकू लावून!" ऐसे गर्जोन साहेबांनी फर्मान काढिले की ती कापणी रद्द करावी, आणि निघते दिवशी आपण स्वहस्ते रोमेलास आहेर व बक्षिसी द्यावी, जेणेकरोन लातूरचा बोलबाला दर्यापार होईल.

मग पाचव्या मजल्यावर चाल केली. कचेरीत एक तरणा कारकून होता, त्याने हरकत न घेता संगणकात काही दाबिले आणि साहेबांची सही काचेवर बोटाने घेतली. किल्ला ऐसा न लढता हाती आलेला पाहोन साहेबांनीच सावध व्हावे, परंतु विजयाच्या कैफात राहिले. त्या यंत्रात ठेविले होते ऐसे की, बक्षिसी काढणाऱ्याचे कारण लिहावयास एकच घर, आणि त्यात आधीच छापलेले, 'सेवेबद्दल नाराजी'. कारकुनाने पुसिले नाही, साहेबांनी पाहिले नाही. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज तपासणारा पुरुष स्वतःच्या अर्जावर फसला.

चवथे दिवशी सकाळी न्याहारी करून उभयता दालनी आली, तो पलंग साफसूफ, चादर ताठ, आणि वर काही नाही. हत्ती नाही, हंस नाही, चिमणीदेखील नाही. बाईसाहेबांनी उशीखालीही पाहिले. "आपलं काय चुकलं का हो?" ऐसे दोनदा म्हणाल्या आणि बाहेर डोकाविल्या, तो गल्लीच्या टोकास रोमेल मान खाली घालोन उभा, आणि त्याचा वरिष्ठ हातातील यादीवर बोट आपटोन काही सुनावीत होता. बाईसाहेबांस ते पाहावेना. त्या कोणास न सांगता थेट पाचव्या मजल्यावर उतरल्या. तेथे आता दुसरी मुलगी बसली होती, छातीवरील पाटीस नाव धम्मप्रिया. बाईसाहेबांनी पाटी वाचोन मराठीतच पुसिले, "कुठली गं बाई तू?"

"नांदेडची, मावशी. तरोड्याची."

परदरबारी आपल्या मुलखाचा वकील सापडावा यासारखे सुख नाही. बाईसाहेबांनी हकीगत सांगितली, धम्मप्रियेने संगणकात पाहिले, आणि तिचे हसू मावळले. ती आवाज उतरवोन म्हणाली, "मावशी, राग नका मानू. ते टॉवेल आहेर न्हाईत हो. पाहुण्यांना गंमत म्हणून घडी घालतात, जहाजाचेच असतात. त्याच्याकडच्या खोलीत पाच कमी भरून राहिलेत, त्याला जाब विचारलाय. आन् वरून तुमी बक्षिसी काढली, नाराजी म्हणून. तो शेरा त्याच्या नावावर बसलाय. लई साधा माणूस हाय, पण पुढच्या खेपेला घ्यायचं का न्हाई ते शेऱ्यावरच ठरतंय."

बाईसाहेबांनी हे वर्तमान दालनी येऊन सांगितले. टॉवेलांपर्यंत साहेब उभे होते. 'शेरा' हा शब्द कानी पडताच खाली बैसले. गार चहा, 'कामात दिरंगाई', नऊ वर्षांच्या पायऱ्या, सर्व त्यांच्या डोळ्यांपुढे आले. ज्याने आपणांसाठी चष्मेवाला हत्ती केला, त्यावर आपण आपल्या बोटाने तोच वार केला, याची शरम त्यांस ऐसी वाटली की चष्मा काढोन पुसला आणि पुन्हा पुसला. बाईसाहेब सांगतात की बेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबांनी 'माझं चुकलं' हे शब्द प्रथमच उच्चारिले. आम्ही ते खरे मानितो, कारण त्यांनी हे सांगताना तारीख-वार सांगितला.

मग पुनश्च चाल. मसलत ऐसी निघाली की टॉवेल गुपचूप स्नानगृहात ठेवावे आणि गोष्ट मिटवावी. साहेबांनी ती धिक्कारिली. "चोरून ठेवले तर चोरच ठरू. उघडे नेऊ." तेव्हा पाच टॉवेल घड्या करून बाईसाहेबांनी दोन्ही हातांवर घेतले, जैसे लग्नात वरमाईपुढे रुखवत न्यावे, आणि पुढे साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात, ऐसी स्वारी भर न्याहारीच्या गर्दीतून निघाली. पोह्यांच्या रांगेतले गुजराथी पाहू लागले, एका लेकराने "आजी टॉवेल घेऊन कुठं चाललीय?" ऐसे पुसिले. साहेबांची मान क्षणभर झुकली, परंतु पाऊल थांबले नाही.

पाचव्या मजल्यावर जहाजाचे खजानदार पांढऱ्या पोशाखात हजर जाहले. साहेबांनी त्यांपुढे एक इंग्रजी वाक्य उच्चारिले, ज्यात तीन उपवाक्ये होती आणि एकही चूक नव्हती. त्याचा सारांश इतुका की, टॉवेल आमच्या गैरसमजाने गेले, नाराजी आमची नव्हे, यंत्राची आहे, आणि या माणसाच्या नावावरील शेरा निघाल्यावाचोन आम्ही जहाजावरोन उतरणार नाही. धम्मप्रियेने मध्ये आहेराची रीत समजावोन सांगितली. खजानदारांस आधी काही कळेना, मग कळाले, मग ते तोंड फिरवोन हसले. त्यांनी टॉवेल जमा केले, बक्षिसीचे कलम पूर्ववत लाविले, आणि म्हणाले की शेरा यंत्रातून निघत नाही, परंतु पाहुण्याने लेखी काही दिल्यास ते त्याजवर चढते, आणि वरिष्ठ तेच वाचतात.

"लेखी" ऐकताच साहेबांच्या अंगी एकतीस वर्षांचे बळ आले. कोरा कागद मागविला, पट्टीने रेघा मारिल्या, आणि जैसा शाळेचा दाखला तैसाच दाखला आरंभिला. विद्यार्थ्याचे नाव: रोमेल. इयत्ता: नववा मजला. हजेरी: पूर्ण. प्रगती: हत्ती, हंस, माकड, सर्व उत्तीर्ण. मग वर्तणुकीच्या घरापाशी लेखणी थबकली. आम्ही तेथे नव्हतो, तरी ती थबक आम्हांस दिसते. नित्याचा शब्द लेखणीच्या टोकाशी येऊन उभा होता. साहेबांनी तो तेथेच राहू दिला, आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले: उत्तम. धम्मप्रियेने खाली इंग्रजी तर्जुमा केला, खजानदारांनी शिक्का मारिला, आणि एक नक्कल रोमेलाच्या दप्तरी गेली.

त्या दुपारी रोमेल दालनी बोलाविला गेला. बाईसाहेबांनी पेटीच्या तळचा कोरा टॉवेल काढोन त्याचा प्राणी करावयास घेतला. पोळ्याचा बैल करावा ऐसा बेत, परंतु शिंगे पडली आणि वशिंड पोटाखाली गेले. त्या बैलाच्या पाठीवर टोपी, टोपीत बक्षिसीचे पाकीट. कापली ती निराळी, ही हातची निराळी. साहेबांनी दोनदा दिल्याची कुरकूर करावी ऐसी आमची अपेक्षा होती, परंतु केली नाही. बाईसाहेबांनी रोमेलास कुंकू लाविले, टोपी घातली, आणि तो बैलाकडे पाहोन इतुका हसला की डोळ्यांस पाणी आले. मग गुडघ्यावर बैसोन त्याने शिंगे नीट करून दिली. सायंकाळी पलंगावर पुन्हा हत्ती उभा होता. सोंडेत धम्मप्रियेच्या अक्षरात चिठ्ठी: 'मावशी, हा जहाजाचा आहे.'

मोहीम लातुरी परतल्यावर यज्ञेशपंतांचा फोन आला, बाबा, सफर कशी झाली? बाईसाहेब शेजारी होत्या. त्या सांगतात, साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "उत्तम." पलीकडोन पंत हळूच बोलिले, "बाबा, पुन्हा एकदा म्हणा." आणि साहेबांनी, जे एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा कधी सांगत नसत, पुन्हा म्हटले.

येणेप्रमाणे पाच टॉवेल जहाजास पोहोचले, एक शेरा दबला, एक आहेर चढला, आणि मोहीम फत्ते जाहली. पेठेने यापुढे दुसरे काही बोलू नये. ही बखर लिहोन साहेबांस नजर केली. त्यांनी तांबड्या शाईने शुद्धलेखनाच्या सात चुका काढिल्या आणि शेवटी शेरा लिहिला: 'चांगली'. याहून माणसास काय पाहिजे?