गुडघे तपासणारे नामदेवकाका

लहान मूल दिसलं की लोक त्याचं नाव विचारतात, शाळा विचारतात. नांदुऱ्यातल्या आमच्या ले-आऊटच्या वस्तीतले नामदेवकाका म्हणतात, "गुडघा दाखव बे."

गुडघा खरचटलेला असला की काका खूश. कोरा असला, तर मुलाच्या आईला हाक मारून सांगणार, "लेकरू बिमार हाय तुमचं. बाहेर काढा त्याले." काकांची उभी हयात कंपाउंडर म्हणून जखमा पुसण्यात गेली. आता कोणाला जखमच होत नाही, हे त्यांचं मोठं दुःख.

त्यांच्या घराला लागून ले-आऊटची मोकळी जागा आहे. तिथे एक कडुनिंब, दोन फुटके सिमेंटचे पाइप आणि मातीचा ढीग. ढीग काकांचा. दर उन्हाळ्यात ते तलावातल्या गाळाची ट्रॉली तिथे ओतून घेतात. पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने विचारलं, "काका, बांधकाम काढलं काय?"

"हाव. ठेकेदार शाळेतून यायचे हायेत."

ठेकेदार आले, दप्तरं फेकली आणि अंधार पडेपर्यंत धरण बांधून फोडलंसुद्धा. पोळ्याच्या आधी त्याच मातीचे बैल होतात. माझी स्वरा मोबाइल लावल्याशिवाय घास गिळत नसे. आता त्या ढिगावरून आली की कारल्याच्या भाजीशी मुकाट भाकर खाते. काकांचं गुडघेशास्त्र मला पटत नाही, पण भाकर संपते त्याला काय करणार?

कपडे धुऊन धुऊन आया मात्र कंटाळल्या. यंदा ले-आऊटच्या बैठकीत ठरायला आलं की माती उचलायची, सगळीकडे सिमेंटच्या विटांचे गट्टू बसवायचे आणि वर प्लास्टिकची घसरगुंडी. चकचकीत काम. काका एकटेच अडून बसले. "गट्टूवर लेकरू पडते, खेळत नाही," एवढंच म्हणत राहिले.

शेवटी अध्यक्ष गजाननभाऊ वैतागले. "काका, तुमच्या घरी त लेकरूबाळ नाही. तुम्हाले काऊन एवढी पडली?"

बोलून ते स्वतःच ओशाळले. आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

"तुमच्या सुमनकाकूले लकवा झाला तवापासून ती खाटेवरच हाय," काका म्हणाले. "खिडकीतून पोरांचा गलका येते. कोण पडलं, कोण रुसलं, सारं आवाजावरून वळखते आन् संध्याकाळी मले सांगते. दिवसभरात तेवढंच बोलतो आम्ही."

गट्टू फक्त फाटकाजवळच्या वाटेवर बसले. ढिगाला कोणी हात लावला नाही.

परवा त्या खिडकीवरून जात होतो. आतून सुमनकाकूंनी हाक मारली.

"भाऊ, स्वराचा आवाज नाही आला दोन दिवस. बरं नाही काय तिले?"

"मामाकडे गेली, काकू, वडनेरला. सोमवारी येते."

"हाव काय," काकू म्हणाल्या. "मंग सोमवारची वाट पायतो आम्ही."