रिकामी कशी चालती?

ताकानं भरलेला कल्हईचा पितळी तांब्या गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला वरून सीटबेल्ट लावणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी रोज पाहते. तो माझ्या घरासमोर राहतो, आणि माझे टोमॅटो बाजारात जायचे की झाडावरच सडायचे हे त्याच्या हातात असतं. नाव हौशीराम. वस्ती त्यांना हौशानाना म्हणते. मी मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची वस्ती पिंपळवंडीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. गावातून इकडे येणाऱ्या वाटेला रस्ता म्हणणारा माणूस एकतर पुढारी असला पाहिजे किंवा तो इथे कधी आलेला नसला पाहिजे. आधी मुरूम, मग ओढ्यातले दगड, मग असा चढ की समोर फक्त आभाळ दिसतं. एसटी सोडाच, रिक्षावालासुद्धा ओढ्याच्या अलीकडे उतरवतो आणि वर आपल्याकडेच रागानं बघतो. माल घेऊन ही वाट चढ-उतार करणारी गाडी एकच, नानांची पिकअप. कागदावर तिला जेवढं वजन मंजूर आहे, तेवढ्यावर नानांनी अजून भरायला सुरुवातही केलेली नसते. माझे मालक चाकणला कंपनीत, त्यामुळे शेत माझ्या गळ्यात आणि मी नानांच्या.

यंदा ऐन टोमॅटोच्या तोड्याच्या तोंडावर त्या गाडीचे टायर माझ्या भाकरीच्या तव्यासारखे गुळगुळीत झाले. एका सकाळी भरलेली गाडी ओढ्याच्या चढावरून मागे घसरली आणि माझी वरची कॅरेटं पाण्यात गेली. माझे लालबुंद टोमॅटो बाजाराच्या दिशेनं नाही, भलतीकडेच, डुलत डुलत वाहत चालले होते आणि नाना काठावर उभे राहून म्हणत होते, "टायर बघाया पायजेत." बघायला नाही हो, घ्यायला पाहिजेत.

दुसरा कुणी असता तर नारायणगावला गेला असता, चार टायर टाकून दुपारी जेवायला घरी आला असता. नानांनी चौकशी सुरू केली. नारायणगाव झालं, मंचर झालं, जुन्नर झालं, पुन्हा नारायणगाव झालं. पिकअपवाला दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टायर वजन किती उचलतो. नाना टायरला गुडघा लावून दाबतात, नाकाजवळ नेऊन वास घेतात आणि विचारतात, "रिकामी कशी चालती?"

मंचरचा दुकानदार हसला म्हणे. म्हणाला, "नाना, टायर लोडसाठी घेत्यात. रिकाम्या गाडीचं काय घिऊन बसलाय?"

नाना तिथून तडक बाहेर पडले. घरी येऊन माझ्यावरच तडकले. "भरलेली गाडी कुणीबी चालवतंय सुनबाय. दबून चालती ती. रिकामी चालवून दाखवा म्हणावं."

मी म्हटलं, "नाना, माझे टोमॅटो रिकाम्या गाडीतून जायचे नाहीत."

"तुला न्हाई कळायचं," म्हणाले. आणि तांब्या घासायला बसले.

तांब्याची भानगड अशी. नाना बाजारात इतरांच्या पिकअप हेरत. माल उतरवून कुणी निघाला, आणि त्याचे टायर नवे असले, की नाना काठोकाठ ताकाचा तांब्या घेऊन त्याच्या शेजारी चढत. "एक चक्कर मारा पावणं." पट्टा तांब्याला, स्वतःला नाही. मग खडबडीत बाजूनं गाडी न्यायला लावत आणि ताक किती सांडलं ते बघत. शेवटी शेवटी तांब्या हातात घेतलेले नाना दिसले की ड्रायव्हर लोक अर्धवट चहा टाकून गाड्या चालू करत. एकाची सीट आंबूस वासानं भरली, तो अजून नानांना शोधतो आहे.

आणि हवेचा तर वेगळाच तमाशा. सकाळी भरलेली गाडी घेऊन निघाले की वारूळवाडीच्या पंक्चरवाल्याकडे थांबायचं आणि मागच्या टायरांत हवा दाबून भरायची. दुपारी माल उतरला की पुन्हा तिथेच थांबायचं आणि तीच हवा काढायची. पंक्चरवाला एकदा माझ्यादेखत म्हणाला, "नाना, तुमी गिऱ्हाईक हाय का माझी परीक्षा घ्यायला येता?"

"भरलेल्याची हवा येगळी, रिकाम्याची येगळी," नाना म्हणाले.

"आवो पण लोक तशीच पळवत्यात की घरापातुर."

"लोकांच्यात आन् माझ्यात फरक हाय."

तो आहेच. सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

आता त्यांच्या भावाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नानांच्या घराला लागूनच त्यांच्या थोरल्या भावाचं घर, मधे एक बोळ. त्यांना आम्ही आबा म्हणतो. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीची पाळी कुणाची, यावरून ते एकदा भांडले, आणि मग मोटार जळाली, नवी आली, पाळ्या ठरल्या, पण बोलणं काही चालू झालं नाही. काही सांगायचंच असलं तर मधे तिसरा माणूस लागतो, आणि बहुतेक वेळा तो तिसरा माणूस मी. "त्याला सांग, त्याची म्हैस माझ्या मक्यात शिरली." "ह्यांना सांग, कुंपण घाला." दोघंही माझ्यापासून दोन पावलांवर उभे. मी चुलीवर दूध ठेवून आलेली. दूध उतू जातं, पण यांचा मान खाली येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबा गोठ्याच्या पत्र्यावरून पडले. पाठीचं ऑपरेशन झालं. आता आठवड्यातून दोनदा नारायणगावला पाठीच्या व्यायामाला जातात. सकाळी काठी टेकत हळूहळू ओढा उतरतात, खालून रिक्षा धरतात. परत कसे येतात याचा मी कधी विचार केला नव्हता. मला माझी कामं असतात.

टायरांच्या या घोळातच मधे नानांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मागे दोन कडक नायलॉनचे टायर टाकले. मी देवापुढे साखर ठेवली. माल भरून गाडी ओढ्यातून अशी वर चढली की बघत राहावं. दोन दिवसांत नानांनी ते काढून टाकले आणि जुने गुळगुळीत पुन्हा चढवले. का? तर, "रिकामी लई उडती." मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले.

त्याच सुमाराला वस्तीवर आणखी एक प्रकार घडला. दुपारी आबा एक हात पाठीवर ठेवून ओढ्यातून पायी वर येत होते, चेहरा पांढरा पडलेला. आणि त्यांच्या मागे, अगदी लागून, बैलाच्या चालीनं, नानांची पिकअप. वस्तीवर बोभाटा झाला की हौशानाना आता भावाच्या अंगावर गाडी घालायला निघाला. मीही चार शब्द सुनावले.  नानांनी गाडी लावली आणि ते आत गेले.

पुढचा तोडा तयार झाला तेव्हा माझी सहनशक्ती संपली. मी सकाळीच नानांच्या गाडीत पुढे जाऊन बसले. म्हटलं, "आज टायर घेतल्याशिवाय मी खाली उतरणार नाही." माझ्या मांडीवर ताकाचा तांब्या आला.

नारायणगावला रफिकभाईंचं टायरांचं दुकान आहे. नानांना बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "नाना, मी तुम्हाला किती वेळा सांगू? वजन ओढायचं तर टायर कडक येतो. मऊ पाहिजे तर वजन विसरा. ओढ्यात पकड पाहिजे म्हणता, तर नक्षी खोल येते, ती रस्त्यावर आवाज करते. तुम्हाला सगळं एकाच टायरात पाहिजे."

"व्हय."

"असा टायर अजून जन्माला यायचाय."

"मग मी थांबतो."

मी म्हटलं, "ते थांबतील रफिकभाई, माझे टोमॅटो थांबणार नाहीत. काहीतरी काढा."

रफिकभाई माझ्याकडे बघून आत गेले आणि एक रेडियल टायर गडगडवत घेऊन आले. वजन पेलेल, म्हणाले, त्या बाबतीत नायलॉनच्या एक पाऊल मागे, पण बाजू लवचिक आहे. नक्षी खोल, चिखलात धरेल. "मात्र हवा जपायला लागते. भरलेली असताना कमी पडली तर टायर गरम होऊन फुटतो, रिकामी असताना जास्त झाली तर गाडी आपटते. रोज कोण एवढं बघतं? म्हणून मी पिकअपवाल्यांना देतच नाही."

नानांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा उजळलेला पाहिला. "हवेचं माझ्याकडं लागलं," म्हणाले. गुडघा लावला, वास घेतला, आणि बाजूला तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. चारही टायर चढले.

रिकाम्या गाडीपुरती हवा ठेवून, तांब्या काठोकाठ भरून पट्ट्यात बांधून झाल्यावर मी पुढे चढायला गेले, तर नाना म्हणाले, "सुनबाय, तू मागं बस."

"मागं? पुढे सीट रिकामी आहे की."

"रिकामी न्हाई ती."

ताकाला पुढची सीट आणि मला रिकाम्या कॅरेटांमध्ये. मी मागे चढले. त्या क्षणी मी ठरवलं की पुढच्या हंगामात टोमॅटो लावायचेच नाहीत.

गाडी हमरस्त्याला लागली नाही. गावातल्या एका गल्लीत शिरली आणि व्यायामाच्या दवाखान्यासमोर उभी राहिली. आबा पायरीवर बसले होते. गाडीचे नवे टायर बघून उठले. नानांनी आतून हात लांब करून दार ढकललं.  आबांनी पट्टा सोडला, तांब्या उचलला, पाठ जपत सीटवर बसले, पट्टा स्वतःला लावला आणि तांब्या मांडीवर घेतला. हे सगळं इतक्या सवयीनं झालं की मला मागच्या काचेतून बघताना लाज वाटायला लागली, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखी.

मग मला ते नायलॉनचे टायर आठवले. त्या दिवशी ओढ्यात गाडी आपटली असणार, आबा कळवळून उतरले असणार, आणि उरलेली वाट चालत आले असणार. थांबा म्हणायला नानांकडे तिसरा माणूस नव्हता. त्यानंतर आबा गाडीत बसलेच नसतील. तो बोभाटा, ते माझे चार शब्द, तो मंचरचा हसणारा दुकानदार. मला सगळ्यांचाच राग आला, आणि सगळ्यांत जास्त या दोन म्हाताऱ्यांचा.

ओढा आला. मी दांडीला घट्ट धरलं. नानांनी गाडी इतकी हळू उतरवली की खालच्या दगडांचा आवाज एकेक करून येत होता. गाडी डावीकडे कलली, सावरली, उजवीकडे कलली. आबांची मान मला मागून दिसत होती. ती ताठ होती. चढ लागला, टायरांनी माती धरली, आणि आबांची मान हळूच सैल होऊन सीटला टेकली.

आबांच्या दारात गाडी थांबली. आबा उतरले, तांब्या हातात. मी मागून उडी मारून खाली आले. नाना स्टेअरिंगला धरून समोर बघत होते.

"सुनबाय," आबा म्हणाले, "त्याला सांग, सांडलं न्हाई."

"नाना, आबा म्हणतात सांडलं नाही."

नानांनी वायपर चालू केला. आभाळ कोरडं ठक्क होतं. "ह्यांना म्हणावं, ताजं हाय. प्या."

आबांनी उभ्या उभ्या अर्धा तांब्या संपवला आणि माझ्या हातात दिला. मी तो खिडकीतून आत दिला. नानांनी राहिलेलं ताक पिऊन टाकलं, मिशा पुसल्या, वायपर बंद केला.

"ह्यांना सांग," ते म्हणाले, "पुढच्या खेपंला बी गाडी रिकामीच हाय."

 दोघांच्या मधे उभी राहून मी मोठ्यानं, खणखणीत आवाजात सांगितलं, "आबा, पुढच्या खेपेलाही गाडी रिकामीच आहे."

"ऐकलं म्हणावं," आबा म्हणाले.