इझाबेल टीचरचा अर्धा उतारा

इकडे ये गं, सुजाता. बस अशी जवळ. चपला घालून, दारात उभं राहून 'आत्या, निघते' म्हणायची ही काय पद्धत झाली? घाटकोपरला मेट्रोत बसलीस की मरोळला उतरतेस, तरी आत्याला तोंड दाखवायला तुला सणवार लागतो. आणि आज आलीस तर काय, गल्लीत इझाबेल टीचर दिसल्या आणि घाबरून धावतच घरात शिरलीस! म्हणे, "आत्या, त्या बाईने मला पाण्याच्या नोटिशीवर प्रश्न विचारले."

विचारणारच. त्या सगळ्यांनाच विचारतात. गावठाणाच्या तोंडाशी तो फळा आहे ना, तिथे कुणी नोटीस वाचताना सापडला की टीचर मागून हजर. "वाचलंस? मग सांग, उद्या पाणी का नाही? अ, पाइप फुटला. ब, टाकी धुणार. क, मोटर जळली. ड, यांपैकी नाही." आपण आपलं बोलून जावं, "टीचर, मागच्या टॉवरवाल्यांनी सगळं ओढलं असेल!" की झालं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. "उताऱ्यात आहे का ते? नाही ना? मग मनाचं घालू नकोस."

आपल्या गल्लीत या वाक्याची मोठी दहशत. कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाच्या पोराचं जमलं, काही बोलायची सोय नाही. टीचर लगेच, "तू पाहिलंस? तिने सांगितलं? मग मनाचं घालू नकोस." चहाच्या गप्पांची वाट लावून टाकतात बाई.

शाळेतून रिटायर झाल्या, तरी शिकवणं सुटलं नाही. आता चीनमधल्या कॉलेजातल्या पोरापोरींना शिकवतात, कॉम्प्युटरवरून. त्यांना म्हणे इंग्रजीची मोठी परीक्षा असते. त्यात उतारा येतो, खाली प्रश्न. टीचर त्याचा सराव घेतात. शिलाई मशीनवर कॉम्प्युटर ठेवतात, केस पाणी लावून चापून बसवतात. शेजारचा कोंबडा नेमका तेव्हाच ओरडतो. ती पोरं हसतात, आणि टीचर इकडून इंग्रजीत दटावतात, "कोंबडा उताऱ्यात नाही!"

पुस्तकातल्या उताऱ्यांची उत्तरं पोरं मोबाइलवर शोधतात, म्हणून उतारे टीचर स्वतः लिहितात. आणि लिहिणार कशावर? आपल्या गल्लीवर! माझं कोळणीशी पापलेटावरून भांडण झालं, ते चीनला गेलं. 'शेजारीण का चिडली?' असा प्रश्न होता म्हणे. दुसऱ्या दिवशी टीचर मला म्हणतात, "शेवंता, सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. चूक तुझीच होती."

मी चौथी शिकलेली. बाकीचं दुकानांच्या पाट्यांनी शिकवलं आणि या टीचरांनी. दुपारी त्यांचा क्लास सुरू झाला की मी भाजी घेऊन त्यांच्याकडे जाते, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसते. निवडता निवडता चार शब्द कानावर पडतात. म्हणून तर त्या दिवशीचं सगळं मला कळलं.

उतारा असा होता. एक म्हातारी एकटी राहते. रोज घराचं दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही. खाडीकडून गार वारा येतो. बस, एवढंच. प्रश्न, ती दाराला कडी का लावत नाही? सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, वाऱ्यासाठी. मेई नावाची एक मुलगी मात्र गप्प. बारीक चणीची, कपाळावर केस, वर्गात सगळ्यात घाबरट. टीचरनी विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "टीचर, मला वाटतं तिला भीती वाटते. ती बाथरूममध्ये पडली आणि दाराला कडी असली, तर आत कोण येणार?"

टीचर अशा ओरडल्या की माझ्या हातातली शेंग पडली. "चूक! उताऱ्यात कुठे आहे हे? दाखव! मनाचं का घालतेस?"

पोरगी लाल झाली आणि तिचा चेहरा बंद झाला. त्या पडद्यावर चेहरा बंदच होतो गं, नुसता काळा चौकोन उरतो.

मी मान वर केली नाही. टीचरच्या दाराला कधी कडी नसते, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मीच एकदा म्हटलं होतं, "टीचर, चोर शिरेल." तर म्हणाल्या, "वाऱ्याला ठेवते गो." मला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टीचरनी बाकीच्यांना विचारलं, तर ते वेगवेगळ्या कॉलेजांतले, कुणालाच ठाऊक नाही. क्लास चालवणाऱ्या कंपनीला विचारलं, ते म्हणे, विद्यार्थ्यांची माहिती देता येत नाही.

मग टीचरची जी अवस्था झाली, ती मला बघवेना. "शेवंता, तिला ताप असेल का गो? नाही, ताप असता तर कळवलं असतं. घरचे ओरडले असतील. नाही तर एकटीच कुठे निघून गेली असेल. तिकडे मोठमोठ्या नद्या आहेत, शेवंता. त्यांच्यावर पूल आहेत."

मी हसण्यावारी न्यायचं म्हणून बोलले, "टीचर, हे उताऱ्यात आहे का?"

त्या रागावल्या नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले. मी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "पोरीने घाबरत घाबरत तोंड उघडलं आणि मी ते मिटवलं."

त्यानंतर टीचर फळ्यासमोरून जायच्या आणि कुणाला काही विचारायच्या नाहीत. डासांच्या फवारणीची नोटीस लागली होती. एरवी त्यांना बघून पळणारी पोरं मुद्दाम नोटिशीसमोर रेंगाळली, मोठमोठ्याने वाचली, तरी टीचर खाली मान घालून निघून गेल्या. संध्याकाळी क्रुसापाशी मेणबत्ती लावायला गेल्या. मी विहारात जाणारी बाई, पण एकटीला कशी सोडू? मागे उभी राहिले. मेणबत्ती लावता लावता त्यांच्या हातातली काडी विझायची, पुन्हा पेटवायच्या, पुन्हा विझायची. शेवटी मी लावली.

पुढच्या क्लासला मी भाजी न घेताच गेले. हाताला काम नकोच वाटत होतं. एकेक चेहरा उघडत गेला, एक चौकोन काळाच. टीचरनी उतारा वाचायला घेतला, दोन ओळी झाल्या असतील, आणि तो चौकोन उजळला. मेई! कपाळावर तेच केस.

"कुठे होतीस?" टीचर पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या.

पोरगी म्हणाली, "टीचर, तुम्ही रागावलात असं वाटलं. यायची भीती वाटली. माफी कशी मागायची त्याची वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत नीट जमत नव्हती."

बघ गं, इकडे ही म्हातारी नद्या आणि पूल बघतेय, आणि तिकडे ती पोर वाक्यं जुळवतेय. एकमेकींना घाबरून दोघींचा जीव जात होता.

टीचरनी उतारा बाजूला ठेवला. मग चष्मा काढला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "मेईचं उत्तर बरोबर होतं. उतारा मीच अर्धा लिहिला होता."

मेई जरा पुढे झुकली आणि विचारलं, "मग, टीचर, त्या म्हातारीकडे कोण येणार?"

इतकी वर्षं जगाला प्रश्न विचारणाऱ्या बाई, त्यांना उत्तर येईना. मला राहवेना. उठले, टीचरना ढकलून त्या काचेत तोंड घातलं आणि ओरडले, "मी! आय कम! एव्हरी डे कम!" पोरांनी टाळ्या पिटल्या बाई.

तेव्हापासून सकाळी दात घासायच्या आधी मी त्यांच्या घरात डोकावून येते. "उठलात का?" "उठले गो, जा आता." एवढंच बोलणं. पण त्या 'उठले' म्हणेपर्यंतचा जो क्षण असतो ना, तो मला रोज घाबरवतो.

आणि आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आलंय. मी नाशिकला, तुझ्या दादाकडे राहणार. मेईला इथून शब्द दिलाय मी, तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरांसमोर दिलाय. कापाकापीची भीती नाही गं मला, पण ती सकाळ कोण बघणार, याने झोप उडालीय. म्हणून तुला थांबवलं. मी गेल्यावर इथे येऊन राहा थोडे दिवस, ऑफिस इथूनही जवळच पडेल तुला. टीचरना मात्र सांगू नकोस मी सांगितलं म्हणून, फार मानी बाई आहे. आपली सहज आल्यासारखी ये.

जा आता, उशीर होईल. पण रविवारी बॅग घेऊनच ये. ये गं, नक्की ये.