नाव घ्या, गाव घ्या

सकाळी दूध घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आलो, की समोरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज सुटतो.

"मंडळीऽऽ, लक्ष असू द्या! येत आहेत, येत आहेत… वैराग गावचे सुपुत्र, कैलासवासी दत्तोपंतांचे चिरंजीव, विमा कचेरीचे नामांकित पठ्ठे, सुधाकरराव! उजव्या हातात दूध, डाव्या हातात कोथिंबीर! जागा द्या, मंडळी, जागा द्या!"

मंडळी म्हणजे रिक्षाखाली झोपलेलं एक कुत्रं आणि नळावर भांडी घासणाऱ्या दोन बायका. कुत्रं डोळासुद्धा उघडत नाही. मी मात्र मान खाली घालून कोथिंबीर लपवत घरात शिरतो. विमा कचेरीतून मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण या गल्लीत मी अजून पठ्ठा आहे.

हे आमचे पुकारअण्णा. पोटापाण्यासाठी ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते आणि जत्रांच्या दिवसांत कुस्तीच्या मैदानात माईकवर. सगळे माग एकदम खडखडत असताना पलीकडच्या माणसाला 'चहा आला' एवढं कळवायचं तर जसा आवाज लागतो, तसा अण्णांचा आवाज आहे. कारखाना सुटला, आवाज राहिला. पुढे जत्रांतही नवी पोरं आली, त्यांच्याबरोबर मोठे कर्णे आणि तयार वाजणारं संगीत आलं, आणि अण्णांना बोलावणं येईनासं झालं. तेव्हापासून त्यांनी आमची गल्लीच मैदान म्हणून धरली. सगळे त्यांना पुकारअण्णा म्हणतात, पोस्टमनसुद्धा. लाइटबिल त्यांच्या बायकोच्या, गंगव्वाकाकूंच्या नावाचं येतं.

अण्णांचं एकच तत्त्व आहे: "नाव घ्या, गाव घ्या, मगच हात लावा." मैदानात पैलवान उतरला, की त्याचं नाव, गाव, बाप आणि वस्ताद, म्हणजे ज्यानं तालमीत त्याला तयार केलं तो गुरू, हे सगळं पुकारल्याशिवाय कुस्ती लावायची नाही. ही मैदानातली रीत त्यांनी जगभर लागू केली आहे. एकदा बँकेत त्यांच्याबरोबर गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीनं "टोकन चाळीस" असं पुकारलं. अण्णा जागचे हलले नाहीत. पुन्हा "चाळीस!" अण्णा तिथूनच म्हणाले, "चाळीस कोन, पोरी? म्हशी मोजतीस व्हय? नाव घे, गाव घे!" त्या मुलीनं नाइलाजानं पासबुकावरचं पहिलं नाव तेवढं घेतलं. तेही काकूंचंच होतं. अण्णा तरीही समाधानानं उठले.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याहून आल्या, त्या दिवशी मात्र कहर झाला. अण्णांनी त्यांचं माहेर, सासर, वडिलांचं नाव सगळं बिनचूक पुकारलं, आणि शेवटी कौतुकाच्या भरात "वजन गट खुला!" असंही सांगून टाकलं. सासूबाई मुक्काम संपेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. अण्णांशी मात्र बोलायच्या, कारण आपल्या वडिलांचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतल्याला फार दिवस झाले, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी पुतणी मुग्धा पुण्यात व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांचा नवा गेम महाराष्ट्रातल्या गावांवर होता. त्यातला नायक गावोगाव भटकतो, लोकांची कामं करतो, कुठं चोर पकडतो, कुठं विहिरीत पडलेली शेळी काढतो, आणि शेवटी एका मोठ्या आखाड्यात उतरतो. त्या आखाड्यासाठी त्यांना पुकारणारा अस्सल आवाज हवा होता. मुग्धा सुट्टीला आली असताना सकाळी माझ्यामागून दारात शिरली, तेव्हा गॅलरीतून तिचंही स्वागत झालं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काका, हाच माणूस."

ध्वनिमुद्रण माझ्याच घरी ठरलं. आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीत खिडकीला, दाराला, कपाटाला सोलापुरी चादरी टांगल्या. पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद केला. महिना मे, गाव सोलापूर. अण्णा फेटा, कोट असा पूर्ण पोशाख करून आले. "मैदानात बोडक्यानं जात न्हाईत," म्हणाले. फेट्यावरून हेडफोन बसेना आणि अण्णा फेटा काढीनात. शेवटी हेडफोन हनुवटीखालून चढवला. मग त्यांनी माईकला टिचकी मारली आणि जुन्या सवयीनं म्हणाले, "हॅलो, हॅलो… कुनाचं लेकरू हरवलंय का? स्टेजपाशी हाय, रडतंय, घिऊन जावा."

नायकाची पुकार त्यांनी अशी दिली, की मुग्धाच्या हातावर काटा आला. तिनं दाखवलासुद्धा. मग तिनं पडद्यावर दुसरा पैलवान आणला. अंगानं शिडशिडा, मिशी जेमतेम, निळा लंगोट. त्याच्या डोक्यावर पाटी होती: पैलवान १.

"हा अगदी किरकोळ आहे, अण्णा," मुग्धा म्हणाली. "खेळणाऱ्याला सराव व्हावा म्हणून पहिला ठेवलाय. दोन डाव टाकले की पडतो. याच्यासाठी फक्त एवढंच म्हणायचं, 'आणि समोर एक पैलवान!'"

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. "कुटला ह्यो?"

"कुठला म्हणजे?"

"गाव कंचं?"

"गाव नाहीये, अण्णा. गेममधला आहे तो."

"वस्ताद?"

"तोही नाही."

"मग आला कुटनं?"

"आमच्या एका मुलानं काढलाय. बाणेरला बसून."

"मग बाणेरचा म्हनू व्हय?"

मी चादरीत तोंड घालून हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हेडफोन हनुवटीखालून सोडवला आणि टेबलावर ठेवला. "एक पैलवान, असं मी म्हननार न्हाय," म्हणाले. "त्याच्या समूरच्याचं समदं सांगितलं की तुमी. गाव सांगितलं, आई सांगितली, घोड्याचं बी नाव हाय. आन् ह्यो उगंच एक? जमनार न्हाय, पोरी. दुसरा मानूस बगा."

मुग्धानं परोपरीनं सांगून पाहिलं. असे पैलवान तोंडी लावण्यापुरते असतात, त्यांना कुणी लक्षात ठेवत नाही, खेळणारे बटण दाबून पुढे जातात. तिच्या प्रत्येक वाक्याला अण्णांचा चेहरा जास्तच बंद होत गेला. काम हातचं जाणार हे दिसत होतं. मीही समजावलं, "अण्णा, तुमचा आवाज जगभर जाईल हो." तर म्हणाले, "जाऊ दे की. बिननावाचा नगं."

शेवटी तिनं पुण्याला साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब घाईत होते. किरकोळ पैलवानाला तीन सेकंदांपेक्षा जास्त देता येत नाहीत, असं त्यांनी ऐकवलं. अण्णांनी फोन हातात घेतला.

"सायेब, नमस्कार. तुमचं नाव काय?"

"अभिजित."

"वडील?"

"विश्वासराव. का हो?"

"गाव?"

"आम्ही पुण्याचेच."

"त्याच्या आदुगर?"

मग साहेब म्हणाले, "आजोबा सांगोल्याचे होते."

अण्णांनी फेटा सारखा केला, श्वास घेतला आणि सांगोल्याच्या मातीपासून सुरुवात करून साहेबांना त्या फोनमधून असं काही मैदानात उतरवलं, की साहेब घाई विसरले. म्हणाले, "मुग्धा… किती वेळ पाहिजे तेवढा घे." मग त्यांच्यातला साहेब जागा झाला. "फक्त खऱ्या माणसाचं नाव नको हं. त्याची परवानगी लागते."

"परवानगी हाय," अण्णा म्हणाले. "त्ये माज्याकडं लागलं."

आणि हेडफोन पुन्हा हनुवटीखाली चढवून, डोळे मिटून त्यांनी पुकार दिली:

"आणि मंडळीऽऽ, त्यांच्यासमोर… नजर हलवू नका… अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गी गावचा, मलकप्पा हत्तुरे यांचा थोरला चिरंजीव, वस्ताद इरण्णा यांच्या तालमीचा पठ्ठा, अंगानं काटक, डावाला चपळ, निळ्या लंगोटाचा पैलवान… शरणप्पाऽऽ मलकप्पाऽऽ हत्तुरेऽऽ!"

'थोरला चिरंजीव'पाशी आवाज जरा कापरा झाला. मला वाटलं, उकाड्यानं. मुग्धा म्हणाली, पुन्हा एकदा घेऊ या का? अण्णा नको म्हणाले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं, आणि चादरी काढायला मला मदत करून घरी गेले.

दिवाळीच्या सुमाराला गेम आला. मुग्धानं तो माझ्या टीव्हीला जोडला आणि अण्णा-काकूंना बघायला बोलावलं. अण्णा पुन्हा फेट्यात. गंगव्वाकाकू मांडीवर शेंगा घेऊन सोलत बसल्या. त्यांचं माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीवर, त्यामुळे अण्णा फार बोलायला लागले की "साकु री, साकु!" म्हणजे पुरे आता, असं त्या कानडीतून बजावतात. त्या दिवशी अण्णा बोलतच नव्हते.

खेळायला मला बसवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आखाडा आला, हलगी घुमली, नायकाची पुकार झाली, मग मैंदर्गीच्या पैलवानाची. निळा लंगोट माती कपाळाला लावून आत आला आणि त्यानं शड्डू ठोकला. मी हाताला लागतील ती सगळी बटणं एकदम दाबली. शरणप्पा मलकप्पा हत्तुरे उचलला गेला, हवेत फिरला आणि धाडकन पाठीवर पडला.

आयुष्यात पहिलीच कुस्ती मारल्यामुळे मला चेव चढला. "काय अण्णा!" मी म्हणालो. "एवढं नाव-गाव घेऊन पुकार दिली, आणि तुमचा मैंदर्गीचा वाघ फुंकर मारली तर पडला की!"

"पडनारच," काकू शेंग फोडत म्हणाल्या. "त्यो तवा बी पडला हुता."

"कोण?"

"कोन म्हंजे? ह्येच की. ह्यांचंच नाव हाय त्ये."

मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. मी अण्णांकडे. अण्णा टीव्हीकडे बघत होते.

"तुमच्याच वैरागच्या जत्रंत," काकू मला म्हणाल्या. "लगीन व्हायच्या आदुगरची गोष्ट, मामंजींनीच मला सांगितली. समूरच्याचं नाव, गाव, बाप, आजा, समदं पुकारलं. आन् ह्यांची पाळी आली तर माईकवाला म्हनला, 'आन् दुसरा कोन हाय त्यो, ये लवकर, येळ न्हाय.' मामंजी मैंदर्गीस्नं आले हुते, नवं धोतार नेसून. शेजारच्याला सांगत बसले हुते, आता बगा, माज्या पोराचं नाव पुकारत्यात."

"मग?"

"मग काय. ह्ये पडले. पडल्याचं मामंजींनी कवा काडलं न्हाय. 'नाव न्हाय घेतलं रं तुजं,' येवढंच म्हनले. मरस्तवर अदनंमदनं तेच म्हनायचे."

काकूंनीच पुढे सांगितलं, पुढच्याच वर्षी अण्णा त्याच जत्रेत गेले होते, लंगोट न घेता. माईक द्या म्हणाले होते.

अण्णांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "अण्णा, पुन्हा खेळतो. या खेपेला मी पडतो, शरणप्पाला जिंकू दे."

"आवो, त्याची काय गरज न्हाय," अण्णा म्हणाले. "कुस्तीत कुनीतरी पडायचंच. पडला तर पडला. पन आता जो कोन पाडंल, त्याला आदी नाव ऐकावं लागंल की." मग जरा थांबून, लहान मुलानं मागावं तसं म्हणाले, "त्ये आदुगरचं तेवडं परत लावा."

मुग्धानं परत लावलं. मैंदर्गी गावचा, मलकप्पा हत्तुरे यांचा थोरला चिरंजीव… अण्णा उठून उभे राहिले. नाव आलं तसा त्यांनी उजवा हात वर केला, मैदानात नाव पुकारल्यावर पैलवान करतो तसा. त्या दिवशी काकूंनी 'साकु' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आलो. अण्णा गॅलरीत आले, त्यांनी श्वास घेतला, पण मी त्यांना बोलूच दिलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि विमा कचेरीत जन्म गेलेल्या माझ्या किरट्या आवाजात जमेल तेवढं ओरडलो, "मंडळीऽऽ! मैंदर्गी गावचे… मलकप्पा हत्तुरे यांचे थोरले चिरंजीव… शरणप्पा मलकप्पा हत्तुरे!"

नळावरच्या बायका वर बघायला लागल्या. कुत्र्यानंही डोळा उघडला. अण्णांनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मग फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "वस्तादाचं नाव ऱ्हायलं की, सुधाकरराव."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.